मशीन बंद, कारण मालक

३ मार्च, सोमवार. सकाळी सात.
रोजनिशी, रागावू नको. जानेवारीत तुझ्यावर नाव घातलं, खुशालराव, दालमिल मालक, अकोला, आणि कपाटात टाकलं ते आज काढलं. उशीर झाला खरा. पण मधे तुरीचा सीझन, बीपी, नवे दात. आता रोज लिहीन.

लिहायला कारण चिंता. मैनाबाई मिल सोडणार असं कानावर आलं. बावीस वर्षं वाळवणीवर तीच मुकादम. नव्या मिलवाल्याने बोलावलं आहे. ती गेली की सात बाया तिच्यामागे जातील आणि माझी मिल बसेल. 

मुलगा किशोर पुण्यात कंपनीत आहे. त्याला फोन केला. म्हणे बाबा, माणसं पगारासाठीच जात नाहीत, जागा आपली वाटत नाही म्हणून जातात. ओपन बुक मॅनेजमेंट करा. सगळं त्यांच्यापुढे उघडं ठेवा. मी सातवी पास. पण उघडं ठेवायला काय शिक्षण लागतं?

४ मार्च.
हिशेबाची वही टेबलावर उघडी ठेवली. पंख्याने पानं उडतात म्हणून वर किलोचं वजन. दुपारपर्यंत कोणी फिरकलं नाही. मग मैनाबाई आली, वाकून पाहिलं. म्हणे, भाऊ, हे अक्षर तुमाले तरी वाचता येते का? मशीनवाला शेषराव म्हणे, मले त डॉक्टरची चिठ्ठी वाटली.
वातावरण खेळीमेळीचं. किशोरच्या कंपनीतलं कल्चर सुरू झालं.

५ मार्च.
पुन्हा किशोरला फोन. म्हणे वही नको, सगळ्यांना कळेल असा एकच आकडा धरा आणि फळ्यावर लिहा. तीन कप चहा घेऊन ठरवलं: मशीन किती वेळ बंद, आणि कारण. खडू शेषरावच्या हातात. सांगितलं, खरं लिहा, कोणाची भीड नको. शनिवारी बेरीज. ज्या कारणाने मशीन जास्त बंद, ते कारण हात वर करून पंधरा दिवसांसाठी मिलच्या बाहेर काढायचं. जमलं तर कायमचं.
मैनाबाईने विचारलं, कोणतंबी कारण? मी म्हटलं, कोणतंही. ती हसली. राहते बहुतेक.

७ मार्च.
फळा: लाईट, वीस मिनिटं. पट्टा तुटला, पाऊण तास. मालक, दोन तास दहा मिनिटं.
वाचून ऊर भरून आला. आमच्याकडे वडिलांपासूनचा नियम आहे. तेलपाणी लावलेली तूर उन्हात वाळली की मालकाने दाणा दाताखाली फोडून पाहायचा. कडक वाजला तरच माल मशीनवर. मी येईपर्यंत मशीन थांबते. म्हणजे मिलला लाईटपेक्षा मी जास्त लागतो.
फोटो किशोरला पाठवला. त्याने हसरं तोंड पाठवलं. पोराला अभिमान आहे.
उद्याची सभा पुढच्या शनिवारी. पूर्ण आठवड्याचा आकडा हवा.

११ मार्च.
मालक, तीन तास. पुढे शेषरावने ‘झोप’ असं लिहिलं. एवढा तपशील कशाला? पण भीड नको हे मीच बोललो. उद्यापासून दुपारची झोप बंद.

१२ मार्च.
झोप लागली. एक दिवस चालतं.

१३ मार्च.
गडबड झाली. दोन दाणे फोडले, कडक वाजले, माल पास केला. मशीनमधून साल न निघताच दाणे बाहेर. तूर ओली होती. सगळे माझ्या तोंडाकडे पाहत राहिले.
मैनाबाईने बाजूला घेतलं. म्हणे, भाऊ, दात तुमचे नाही न आता. कवळीखाली काहीबी कडकच वाजते. संक्रांतीपासून आदी मीच दाणा फोडून पायते, मंग तुमाले बोलावते. आज मी उशिरा आली अन् तुमी एकटेच पास करून बसले.
मी म्हटलं, मग इतके दिवस बोलली काहून नाही? म्हणे, तुमाले वाईट वाटलं असतं. पण बाया आता थांबाले तयार नाही. तुमची वाट पायता पायता घरी जायाले अंधार होते. नवा मिलवाला पाचले सोडतो म्हणते.
प्रश्न वेळेचा आहे, माझा नाही. मनावरचं ओझं उतरलं.

१५ मार्च, शनिवार.
काल धुळवड, मिल बंद. त्या कारणात माझं नाव नाही, हे नोंदवून ठेवतो.
आज सभा. मी म्हटलं, सर्वांत मोठं कारण बाहेर काढायला कोण कोण तयार? उत्साह वाढावा म्हणून पहिला हात मीच वर केला. मग मैनाबाईने बेरीज वाचली. लाईट एक तास. पट्टा सव्वा तास. मालक अकरा तास.
हात खाली घेता येईना. बारा हात, सगळे वर. इतकी एकी या मिलमध्ये पूर्वी कधी नव्हती.
शेषराव म्हणे, भाऊ, तिकडं जंगलात सेमाडोहले जा. हवा चांगली हाय. वाघ दिसला त त्यालेबी पास करून या. मैनाबाई म्हणे, मी आता कुठंच जात नाही, तुमी बिनघोर जा.
मैनाबाई राहिली. ओपन बुक शंभर टक्के यशस्वी. बॅग भरतो.

१९ मार्च. सेमाडोह.
वाघ नाही. रेंज नाही. बिनघोर राहायचा प्रयत्न चालू आहे, दमायला होतं.
कवळी मिलच्या टेबलावर ग्लासात राहिली. चार दिवस पेजेवर आहे.
आत्ता परतवाड्याच्या बसच्या कंडक्टरने मैनाबाईची चिठ्ठी दिली. मशीन बंद, शून्य मिनिटं. बाया उजेडातच घरी जातात. कागद दोनदा उलटून पाहिला, मागे काही नव्हतं.
बस अर्ध्या तासाने परत जाते. उत्तर आधी इथे लिहून पाहतो. मैनाबाई, माझ्यावाचून काही अडलं असेल तर भीड न ठेवता सांगा, लगेच निघतो. अडलं नसेल तर निदान कवळी पाठवा. दोन्हीपैकी काय ते लवकर कळवा.