पाच मिनिटांचे बेट

तीर्थरूप आत्यास,

तुझ्या भाच्याचा वाकून नमस्कार. तुझी प्रकृती कशी आहे असे विचारणार होतो, पण ती कशी आहे हे तू कार्डावर आधीच कळवले आहेस. त्यामुळे विचारले तर कार्ड नीट वाचले नाही असे वाटेल आणि न विचारले तर माया आटली असे वाटेल. म्हणून अर्धेच विचारतो : डोळ्यांचे कळले, गुडघे कसे आहेत? मी बरा आहे. छापखान्यात प्रुफे तपासण्याचे काम चालू आहे. मान जरा धरते, ती उजवीकडे धरते, डावीकडे ठीक आहे.

हे पत्र तुला शेजारचे इस्त्रीवाले वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे, कारण डोळ्यांमुळे कार्डही तू सांगितलेस आणि त्यांनी लिहिले. (इस्त्रीवाले, तुम्हालाही नमस्कार. या पत्रात जे कंसात असेल ते तुमच्यापुरते आहे, ते मोठ्याने वाचू नये. कंस सुरू झाला की खोकावे, संपला की पुढे वाचावे. आत्याने विचारले तर धुरळा घशात गेला म्हणावे.)

तर तुझे कार्ड. ते मी इथे जसेच्या तसे उतरवतो, म्हणजे गैरसमज राहायला नको : "चि. बाच्यास आशीर्वाद. अठरा तारखेला डोळ्याचे ऑपरेशन ठरले. बीती वाटते. त्याआधी एकदा बेट हवी. नंतर दिसेल न दिसेल. खर्चात पडू नको, पाच मिनिटांची बेट असली तरी पुरे. बाकी सर्व आनंदात. तुझी आत्या."

कार्ड हातात पडताच सवयीने माझे लाल पेन उघडले गेले. रागावू नकोस, मी लग्नपत्रिकासुद्धा तशाच वाचतो, म्हणून मला हल्ली कुणी लग्नाला बोलावत नाही. 'बाच्यास' चे 'भाच्यास' केले, 'बीती' ची 'भीती' केली. (इस्त्रीवाले, तुमचे आणि 'भ'चे काही जुने वैर आहे का? मागच्या कार्डात दिवाणखान्याची 'बिंत' पडली होती तेव्हाही मी गप्प बसलो होतो.) पण 'बेट हवी' पाशी थांबलो. 'बेट' हा शब्द शुद्ध आहे, मी कोशात काढून पाहिला. आमच्या मालकांचा नियम आहे की जो शब्द कोशात सापडला त्याला आपण हात लावायचा नाही, नाहीतर गिऱ्हाईक आपल्याला हात लावते. तेव्हा 'बेट' तसेच ठेवले आणि 'हवी' चे 'हवे' केले, कारण बेट नपुंसकलिंगी आहे. पुढे 'पाच मिनिटांची' चे 'पाच मिनिटांचे' केले. आता वाक्य निर्दोष झाले. अर्थ तेवढा कळेना.

मग मी कार्ड उलटले आणि माझे डोळेच उघडले. चित्रात हिरवानिळा समुद्र, त्यात प्रवाळाच्या खडकांचे लांबच लांब कुंपण, मध्ये एक गोल काळानिळा खड्डा (समुद्रात खड्डा, इस्त्रीवाले! आम्ही रस्त्यावरच्या खड्ड्यांना नावे ठेवतो), आणि आजूबाजूला वाटाणे सांडावेत तशी बेटे. खाली त्या देशाचे नाव. कॅरिबियन समुद्राकाठचा चिमुकला देश आहे. त्याचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण ते मला तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी आढळले, एकदा ऱ्हस्व, एकदा दीर्घ आणि एकदा शेवटचे अक्षरच निराळे. नक्की होईपर्यंत 'तो देश' असे म्हणू. (इस्त्रीवाले, हे कार्ड कुणाच्या शर्टाच्या खिशात राहिले होते का? असेल तर त्याला परत देता येणार नाही, वर लाल पेन फिरले आहे.)

मी दोन दिवस विचारात होतो. बादलीतले पाणीसुद्धा तू तांब्याने लांबून घेतेस, नळ जोरात सुटला की भिंतीला टेकून उभी राहतेस आणि तुला समुद्र ओलांडून बेट का हवे? मग वाटले, माणसाचे असे असते. आयुष्यभर घाबरायचे, आणि डोळ्यांवर पट्टी बसायच्या आधी एकदा जगाचे टोक बघून घ्यावेसे वाटायचे. आणि त्यातही तुझा समजूतदारपणा बघ, मोठे बेट मागितले नाहीस. पाच मिनिटांचे मागितलेस, म्हणजे ज्याला फेरी मारायला पाच मिनिटे लागतील एवढेच.

पण कुणाची पाच मिनिटे? माझी की तुझी? हे ठरल्याशिवाय बेट मागणार कसे? म्हणून छापखान्याच्या मागच्या अंगणात मी प्रयोग केला. तुझ्यासारखा गुडघा वाकत नाही असे व्हावे म्हणून पायाला पुठ्ठा बांधला, एक डोळा मिटला, आणि घड्याळ लावून फेऱ्या मारल्या. पाच मिनिटांत दोनशे बारा पावले झाली. आमची टायपिंगवाली बाई खिडकीतून बघत होती. ती म्हणाली, "काय रे, बरं नाही का?" म्हटले, बेट मोजतोय. तिने खिडकी लावून घेतली.

तिथून प्रवासाच्या ऑफिसात गेलो. भिंतीवर विमानाचे चित्र, विमानाच्या पंखावर पाल, आणि खाली टक्कल पडलेला एक सद्‌गृहस्थ. त्याला सगळेजण प्रवासवाला म्हणतात, पण तो स्वतः कुठेच गेलेला नाही, त्याला गाडी लागते. मी म्हटले, दोनशे बारा पावलांचे बेट आहे का? तो म्हणाला, "कुणासाठी?" म्हटले, आत्यासाठी. "आत्या? अहो, अशा ठिकाणी लोक बायकोला नेतात!" म्हटले, बायको नाही. त्यावर त्याने माझ्याकडे जरा दयेने पाहिले आणि म्हणाला, "मग बरोबर आहे. आत्या तर आत्या."

त्याने नकाशा उलगडला आणि माझा गोंधळ वाढला. मी समजत होतो की तो देश म्हणजेच बेट. तसे नाही. देश जमिनीवर आहे आणि बेटे देशाच्या बाहेर पाण्यात आहेत. म्हणजे विमानामागून विमान बदलत त्या देशात पोचायचे, आणि पोचलो म्हणेपर्यंत होडीत बसून त्या देशातून बाहेर निघायचे. म्हटले, मग देशात जायचेच कशाला? तो म्हणाला, "शिक्का मारायला." मला हे पटले. आपल्याकडेही कामे अशीच होतात.

आणखी एक. तो म्हणतो त्या प्रवाळावर पाय द्यायचा नाही, ते जिवंत असते. दिसते दगडासारखे, पण आत बारीक जीव असतात, धक्का लागला तर मरतात. त्याला हात न लावता वरून तरंगत बघायचे. मला फार वाईट वाटले. दगड समजून आपण ज्याला टाळतो त्याच्या आत जीव असतो, आणि जवळ जावे तर आपल्या धक्क्याची भीती.

(इस्त्रीवाले, इथे जरा लांब खोकावे लागेल, पाणी जवळ ठेवा. मी चार वर्षे आत्याकडे आलो नाही याचे कारण काम नाही. आतोबा गेले तेव्हा दुखवट्याची पत्रे आमच्याच छापखान्यात निघाली. प्रुफे मी तपासली. 'अनंतात विलीन झाले' असे हवे होते, ते 'आनंदात विलीन झाले' असे छापून गेले. माझ्या नजरेला ते दिसलेच नाही, कारण 'आनंदात' हा शब्दही कोशात आहे. पत्रे घरोघर गेली. आतोबा आयुष्यात कधी हसले नव्हते, त्यामुळे लोकांना ते जास्तच लागले. एका गृहस्थाने तर आत्याचे अभिनंदन केले. मला बाराखडी आत्याने शिकवली, पाटीवर बोट धरून. शाळा नववीत सुटली तरी अक्षर सुटले नाही ते तिच्यामुळे. आणि तिच्याच नवऱ्याच्या पत्रात मी ही चूक केली. तेव्हापासून मला तोंड दाखवायला जागा नाही. आता तिनेच काही मागितले आहे तर मी समुद्रात खड्डा असलेल्या देशातसुद्धा जाईन. आणि कार्डात 'बाकी सर्व आनंदात' असे लिहायला लावले आहे ना, तो टोमणा मला कळला. अख्ख्या कार्डात तोच एक शब्द मनाला लागला.)

असो. प्रवासवाल्याने चौकशीचा फॉर्म दिला. तो आमच्याच छापखान्यात छापलेला आहे, त्यामुळे शुद्धलेखनाची काळजी नव्हती, उत्तरांचीच होती. 'याआधी कोणत्याही ठिकाणाहून घालवून देण्यात आले आहे काय?' इथे मी तुझ्या सासूबाईंचा विचार करून बराच वेळ पेन तोंडात धरले, शेवटी 'नाही' लिहिले, कारण तू आपणहून निघाली होतीस. 'प्रवासाचा उद्देश' यापुढे तीन चौकोन होते : भेट, व्यवसाय, इतर. 'भेट' खोडले, कारण भेटायला तिथे आपले कोण आहे? 'व्यवसाय' खोडला. 'इतर' वर खूण केली आणि पुढे स्वच्छ अक्षरात लिहिले, 'बेट'. 'मुक्कामाचा कालावधी' इथे 'पाच मिनिटे' लिहिल्यावर प्रवासवाला उठून आत पाणी प्यायला गेला.

तर आत्या, तयारी अशी आहे. अठरा तारखेच्या आत जाऊन यायचे म्हणजे घाई होईल, म्हणून डॉक्टरांना विचारून ऑपरेशन पुढे ढकलता येते का ते बघ. उन्हाची टोपी मी घेतली आहे. तुझ्या डोक्याचे माप नसल्याने माझ्या डोक्याचे घेतले, आपली दोघांची डोकी सारखीच आहेत असे वडील नेहमी म्हणत. पाण्याला घाबरू नकोस, मी हात धरीन. मलाही पोहता येत नाही, म्हणजे दोघे बरोबरच राहू. गुडघ्यांना तेल लावत जा. काही चुकले असल्यास पोटात घालावे.

तुझा आज्ञाधारक
भाचा

ता. क. : इस्त्रीवाल्यांसाठी 'भ' काढण्याची रीत वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात पाठवत आहे. इस्त्रीच्या टेबलासमोर लावावी.

ता. क. दुसरा : आपले प्रूफ आपण वाचू नये, दुसऱ्याने वाचावे, हा मालकांचा दुसरा नियम. म्हणून पाकीट बंद करण्याआधी तुझे कार्ड आणि हे पत्र टायपिंगवाल्या बाईला तपासायला दिले. तिला कार्ड मोठ्याने वाचायची सवय आहे. तिने वाचले, "बाच्यास", "बीती", "बेट हवी." मग थांबली. मग पुन्हा म्हणाली, "बेट... हवी." मग कागदाच्या गठ्ठ्यावर बसली आणि पदर तोंडात कोंबला. मी म्हटले, काय झाले, लिंग चुकले आहे ना? ती म्हणाली, "अरे शहाण्या, लिंग एकटंच बरोबर होतं! तेच नेमकं तू सुधारलंस!"

आत्या, तुझ्या पाटीवर ब बदकाचा होता आणि भ भोवऱ्याचा होता. तूच शिकवलेस. मी बदक धरून बसलो.

बाई डोळे पुसत पुढे म्हणाली की 'बाकी सर्व आनंदात' हा टोमणा नाही. "तुझी आत्या चार वर्षं त्या दुखवट्याच्या पत्रावर हसत असणार. आतोबांच्या जागी माझा नवरा असता तर मीही हसले असते." तिच्या नवऱ्याला मी ओळखतो, म्हणून तिच्यापुरते ते पटले. तुझ्यापुरते बरोबर आहे की नाही हे मला ठरवता येत नाही. कोशात बघायची सोय नाही.

ता. क. तिसरा : प्रवासवाल्याकडे जाऊन आलो. तो म्हणाला, भरलेला फॉर्म परत घेता येत नाही, ठिकाण मात्र बदलता येते. म्हणून ठिकाण बदलून तुझा पत्ता घातला. तुझ्या गावाला बसने दोन तास लागतात, मध्ये विमान बदलावे लागत नाही. उद्देशापुढचे 'इतर' खोडले आणि 'भेट' वर खूण केली. मुक्कामाच्या पाच मिनिटांना हात लावला नाही, ते तुझ्यावर आहे. रविवारी सकाळच्या पहिल्या बसने येतो. ऑपरेशन पुढे ढकलू नकोस. अठराला मी तिथेच असेन, पट्टी सुटेपर्यंत.

ता. क. चौथा, आणि हाच खरा : इस्त्रीवाले, तुम्ही आत्तापर्यंत खोकून खोकून दमला असाल. आता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करा आणि सगळे कंस मोठ्याने वाचा, तो लांबचाही. तिचे हसणे, रडणे, रागावणे, जे काही असेल ते रविवारच्या आत उरकून घ्या. समोरासमोर ते मला झेपणार नाही.

आत्या, एकच मागणे आहे. दार उघडशील तेव्हा मला बघून 'आनंद झाला' म्हणू नकोस. दुसरा कुठलाही शब्द चालेल. अशुद्ध असला तरी चालेल.