कनवाळू

बाई, आज वर्गात 'कनवाळू' हा शब्द आला आणि मी अडले. अंबाजोगाईच्या कॉलेजात मराठी शिकवते मी आता, तुम्हाला हे ठाऊक नाही. आपल्या साहित्यात हा शब्द देवाला लावतात, आईला लावतात, एवढं सांगून झालं आणि पुढचं वाक्य तोंडातून तुमचंच निघालं, "ज्याला मिळतं त्यानं म्हणायचा शब्द हाय हा. देणारानं म्हणला की नासला." सातवीच्या वर्गात तुम्ही हे सांगत होता, तेव्हा तुमच्या एका हातात खडू आणि कडेवर माझा दीड वर्षाचा भाऊ होता.

दिवाळी सरली की चौसाळ्याजवळच्या आमच्या वस्तीवर ऊसतोडीला न्यायला ट्रक यायचे. त्या वर्षी भावाला सांभाळायला आई मलाही नेणार होती, म्हणजे माझी शाळा संपलीच. भांडी चढली, शेळी चढली, आणि तुम्ही तरातरा आलात. आई म्हणाली, आमी दोघं उसात, मग लेकराला कोण बगल? तुम्ही म्हणालात, "दोघांनाबी माज्याकडं ठिवा." बस्स, एवढंच. एकट्या बाईनं, दीड खोलीत, सहा महिने! मला अजून खरं वाटत नाही. गोड बोलणं तर तुमच्या गावीच नव्हतं. माझी भाकरी करपली की खेकसायचात. भाऊ मात्र तुमचा पदर सोडेना, तुम्हालाच आई म्हणू लागला.

चैत्रात ट्रक परतले. आईनं दारातूनच हात पुढं केले आणि तो तुमच्या मागं लपला. आईचं तोंड एवढंसं झालं. तुम्ही पदरातून त्याची मूठ सोडवलीत, त्याला पुढं ढकललंत. "ती तुजी आई हाय. मी न्हाई." आत गेलात, कडी लावलीत. त्यानंतर त्याला कधी उचललं नाहीत. रस्त्यात दिसला तर वाट बदलायचात.

आता मलाही लेकरू आहे, म्हणून कळतं. आईला तिचं लेकरू तुम्ही अख्खंच्या अख्खं परत दिलंत, त्याची एक हाकसुद्धा स्वतःला ठेवली नाहीत. कुणाला जमतं हो हे?

तेव्हा मात्र मी लई चिडले होते. हापशावर, शाळेत, भेटेल त्याला सांगत सुटले की बाईंना काळीजच नाही. तुमची बदली होऊन तुम्ही जाईपर्यंत गाव तेच म्हणत राहिलं. पत्ता असता तरी हे पत्र मी टाकलं नसतं, बाई. ते बोलणं माझ्यापासून सुरू झालं, हे तुम्हाला माहीत होतं की नाही, एवढं कळून घ्यायची मला आजही भीती वाटते.