अण्णांच्या नावाचं टाकं

तीर्थस्वरूप दादांस, कुंडलिकचा नमस्कार.

काल सकाळी आईला उचलून मोरीवर नेलं. चिकुनगुनियाने तिचे गुडघे धरलेत. आळेफाट्याला बसून तुम्हाला हे दिसत नाही, म्हणून लिहितो. पत्र टाकीनच असं नाही.

आमची वृषाली पुण्यात साथींचं गणित शिकते. वाडीतली घरं, आजारी माणसं, साठलेलं पाणी धरून तिनं हिशेब मांडला आणि मला म्हणाली, "आबा, सगळे डास मारायची गरज नाही. दर आठवड्याला एकाच दिवशी सगळ्यांनी भांडी कोरडी केली, तर डास इतके घटतील की साथ आपोआप विझेल."

सगळी वाडी तयार झाली. अडलं ते देवळापुढच्या, तुम्ही अण्णांच्या स्मरणार्थ बांधलेल्या टाक्यापाशी. तुम्ही फोनवर हसलात. "पोरीच्या आकड्यानं ताप उतरतो व्हय रं? बापाच्या नावाचं पाणी आटवू नगंस."

दादा, त्या पाण्यात अळ्या वळवळतात. देव मीही मानतो. पण अण्णांच्या नावाखाली त्यांच्याच बायकोला अंथरुणाला खिळवायचं, हे कुठलं पुण्य? आणि माझ्या लेकीला हसायचा हक्क तुम्हाला कुणी दिला?

आज आरती झाल्यावर सगळ्यांदेखत मी टाक्याचं बूच काढलं आणि तळ घासून कोरडा केला.

तुमचा धाकटा भाऊ,
कुंडलिक