गाजर, रंधा आणि अक्कांचा गुडघा

आदरणीय अक्का,

कंबरेतून जमेल तेवढं वाकून नमस्कार. (पूर्ण वाकलो असतो, पण मध्यंतरी वर येताना डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले होते, तेव्हापासून जपून वाकतो. कारण पुढे येईलच.) गुडघा कसा आहे? दुखतो म्हणजे नेमका कधी दुखतो, जिना चढताना की उतरताना? काठी सुटली का? तुमची धाकटी बहीण, म्हणजे आमची ही, फोनवर आज म्हणते, ‘अक्का आता अंगणात एकटी फिरते,’ आणि उद्या म्हणते, ‘अजून आधार लागतो हो.’ माझ्यासारख्या सुताराला असं मोघम माप चालत नाही. मला आपलं वाटतं, आता बरा असावा. तुमच्या काळजीपोटीच वाटतं, त्यात माझा काही स्वार्थ नाही.

तर बातमी अशी की मी शाकाहारी झालो. हसून घ्या, मग पुढे वाचा. तुमची सेवा करायला आलेल्या धाकटीनंही तुमच्या घरचं जेवून मांसमासे सोडले, हे तुम्हाला ठाऊकच आहे. एकदा फोनवर मला म्हणाली, ‘मी परत आले की माझ्या ओट्यावर यातलं काही शिजणार नाही, तुम्हाला झेपेल का?’ अक्का, खरं सांगतो, मला त्यातलं फक्त ‘मी परत आले की’ एवढंच ऐकू आलं. बाकीचं वाक्य मी फोन ठेवल्यावर आठवून आठवून जुळवलं. म्हटलं, ती यायच्या आधीच आपण तयार राहावं, म्हणजे तिच्या येण्यातली तेवढी एक अडचण कमी.

आता शाकाहार म्हणजे काय, तर ताटातला मांसाचा तुकडा उचलायचा, उरलं ते खायचं, अशी माझी समजूत. उरायचा बटाटा. सकाळी चहा-पाव, दुपारी बटाटा, रात्री बटाटा. (मध्ये बदल म्हणून चहा-बिस्किट.) अंगातली ताकद कुठे गेली कळेना. शेवटी एका आहारतज्ज्ञ बाईंच्या घरी भिंतीतलं कपाट बसवत असताना शिडीवर अंधारी आली, आणि मी अलगद कपाटाच्या आत जाऊन बसलो. मागून दार आपोआप मिटलं. (आवाज न करता मिटलं, हे मुद्दाम सांगतो. बिजागऱ्या झकास लागल्या होत्या.) बाईंनी मला बाहेर काढलं, पाणी पाजलं आणि विचारलं, मांस सोडलंत, पण त्याच्या जागी काय घेतलंत? मी म्हटलं, बटाटा. त्यांनी कपाळाला हात लावला.

मग तिथेच भुशात बसून माझी शिकवणी झाली. अर्धं ताट भाज्या आणि फळं, पाव ताट धान्य, पाव ताट डाळी-कडधान्यं. शिवाय दूध-दही, मूठभर दाणे, लोह अंगी लागावं म्हणून डाळीवर लिंबू, आणि बी-बाराची गोळी, कारण ते म्हणे झाडपाल्यातून मिळत नाही. अहो, अर्धं आणि पाव म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला. ही तर आपली भाषा! त्याच संध्याकाळी सागवानी ताट करायला घेतलं, काटकोनाला गुण्या लावून, मध्ये पट्ट्या ठोकून, अर्धं आणि दोन पाव. काय देखणं झालं होतं म्हणून सांगू! पण लाकूड शेवटी पाणी पितंच. पातळ डाळीनं मधली पट्टी फुगली, सांधा उकलला आणि कडधान्यं थेट भाजीच्या हद्दीत घुसली. मी सुताराचा सुतार, ओल्या जेवणाला लाकडी पट्ट्या ठोकायला निघालो, आणि वर ते डाळीत भिजलेलं ताट बाईंना दाखवायला घेऊन गेलो. त्या इतक्या हसल्या की त्यांनाच पाणी द्यावं लागलं. म्हणाल्या, अहो, अंदाजानं वाढायचं असतं. अंदाजानं! आयुष्यात कधी एक फळी अंदाजानं कापली नाही मी.

गाजराचं तर विचारूच नका. किसणी सापडेना (ती कुठे ठेवते ते तीच जाणे), म्हणून छोटा रंधा धुतला आणि गाजर रंधून काढलं. तलम, पारदर्शक साल निघाली, ताटात ठेवली तर आरपार दिसावं. फक्त त्यात थोडा देवदारही आला. तंतुमय पदार्थ वाढवा असं बाई म्हणाल्याच होत्या.

आता जमतंय. अंधारी येत नाही, हात पूर्वीसारखा चालतो, दही घरीच लावतो. पण जेवायला बसलो की घर खायला उठतं, अक्का. मी शाकाहारी झालो, घर नाही झालं. ती समोर असली की ‘हे घ्या, ते का उरवलंत’ म्हणून डोकं खायची, तेव्हा मी वैतागायचो. आता हरभरे इतके मऊ शिजवले की स्वतःलाच शाबासकी द्यावीशी वाटते, पण ‘मीठ जास्त झालंय’ म्हणायला माणूस नाही. बाईंनी सगळं सांगितलं, काय कशाबरोबर खायचं ते. कोणाबरोबर, ते काही त्यांच्या तक्त्यात नाही. मला तिची फार आठवण येते. तिला सांगू नका. म्हणजे सांगितलंत तरी चालेल.

तब्येतीला जपा. जिन्याची घाई करू नका. (थोडी केलीत तरी हरकत नाही.)

तुमचा,
सुतार मेव्हणा

ता.क. अंडं शाकाहारात धरतात का, ते तिला न विचारता कळवा.

ता.क. पुन्हा. वर स्वार्थ नाही असं लिहिलंय, ते खोडायला हवं होतं, पण पत्रात खाडाखोड बरी दिसत नाही. तिला पाठवा हो.

ता.क. शेवटचा. तिला विचारलं तर ती म्हणेल, अक्काला टाकून कशी येऊ? बरोबरच आहे तिचं. म्हणून मागची खोली मी तुमच्यासाठी रिकामी केली आहे. न्हाणीघरात धरायला दांडा बसवला, पलंगाचे पाय तुमच्या गुडघ्याला सोसतील एवढे वाढवले, आणि घरातले सगळे उंबरठे काढून टाकले, तुमचा पाय कुठे अडायला नको. दोघी या. उंबरठे उखडताना मोडले, परत बसवता येणार नाहीत, तेव्हा आता नाही म्हणू नका.