कोऱ्या हाताचं पाणी

देऊळघाट,
मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, सन १९३६

चि. मोतीराम यास बहीण सोजराचे अनेक आशीर्वाद. इथं सारे बरे. तुमची खुशाली भावजय आशाबाईनं लिहावी. तुझ्या पत्रात सगळेच नेहमी मजेत असतात, मग दोन महिन्यांनी कळते की पडसं नव्हतं, न्यूमोनिया होता.

तुझं पाकीट आलं. मीच वाचलं. लहानपणी तू पाटीवर गिरवून घेतली ती अक्षरं अजून चालतात. मलकापूरच्या हिंमतरावांची पोरगी तुझ्यापाशी राहून मास्तरकी करणाऱ्या आपल्या उकंड्याले सांगून आली, हे चांगलं झालं. माणूस कचेरीतून पेन्शन घेऊन बसलेला, पोरगी शालू मराठी चौथी पास, घर चांगलं, सारं समजलं. पण त्यांच्या अटी वाचल्या अन् डोकं तापलं. पोराच्या नाकातली कडी काढा, अन् उकंडराव नाव बदलून उल्हासराव करा! इतकी वर्षं तो उकंडा आहे अन् धडधाकट आहे. उल्हास घेऊन काय करायचं?

तू तेव्हा मास्तरकी शिकायले नॉर्मल शाळेत होतास म्हून सांगते. त्याच्या आधीची माझी चारही लेकरं वर्षाच्या आत गेली. हा झाला तेव्हा सासूबाईनं त्याले सुपात घालून उकिरड्यावर ठेवला, की यमाले वाटावं हा टाकलेला माल आहे, कशाले हात लावा. आपल्या गल्लीतल्या बिस्मिल्ला मनियारनीनं त्याले उचलला. घरी नेला, गुळाचं पाणी चाटवलं, बांगड्या विकून आली की मांडीवर घेऊन बसायची. सुईनं नाक टोचलं ते तिनंच, कडी घातली ते तिनंच. मग मी तिच्या दारात मडकंभर जवारी ओतून माझाच पोरगा तिच्याकडून इकत आणला. बोली अशी, की हळदीच्या दिवशी ती कडी बिस्मिल्लाच काढील. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.

अजून एक. पोरगी कोरी आहे म्हणे. अंगावर गोंदणाचा एक ठिपका नाही. सोनं इथंच राहते बाबा, मेल्यावर संग येते ते गोंदण. हे पोरगी वर जाऊन काय दाखवील, चौथीचं सर्टिफिकीट? आपल्यात गोंदल्याबिगर सुनेच्या हातचं पाणी घेत नाहीत, हे त्यांना सांग. पेन्शनीत गोंदणारीचे पैसे बसत असतील.

तुझे भाऊजी मिरच्यांत गुंतले आहेत, म्हून मी एकटीच भांडते. बहिणीवर माया आहे तितकी राहू दे, उपदेश तेवढा कमी कर.

सोजरा



खामगाव,
ता. २४ डिसेंबर १९३६

ती. सौ. अक्कास मोतीरामचा शि. सा. नमस्कार वि. वि.

आपले पत्र पोचले. येथे सर्व कुशल. आशाबाईस खोकला आहे, हे मुद्दाम कळवतो, नाही तर पुन्हा न्यूमोनियाचा आरोप येईल.

अक्का, आता रागावू नका. गेल्या रविवारी मी उकंडरावास सोनाराकडे नेले व नाकातली कडी काढून घेतली. ती डबीत घालून माझ्या पेटीत जपून ठेवली आहे. हिंमतरावांकडची मंडळी दहा जानेवारीस मुलगी दाखवणार, त्या दिवशी नाकात कडी असलेला जावई त्यांच्या ओट्यावर बसवणे मला बरे दिसेना. दोष असेल तो माझा, मुलास बोलू नये.

दुसरी गोष्ट लिहिताना हात अडतो. हिंमतरावांच्या पत्नीने मजपाशी विचारले की मुलाची आई हिरव्या हनुवटीची आहे काय. शिकलेल्या घरांतून हल्ली गोंदण जंगली समजले जाते. त्यांच्या एका नातलग बाईस नागपुरास कोणी विचारले म्हणे, की तुम्ही कोणत्या रानातून आलात. तेव्हापासून त्या घरातल्या एकाही मुलीस गोंदवलेले नाही. आशाबाईकडे पावडरीचा डबा आहे. त्या दिवसापुरती कपाळास व हनुवटीस थोडी लावून घ्यावी. फोटोही निघणार आहे.

बिस्मिल्लाबाईंना हळदीस बोलावू नये, असेही त्यांचे म्हणणे पडले. लग्नानंतर आपण त्यांना लुगडे-नारळ पोचवू. त्या समजूतदार आहेत.

धाकट्या भावास क्षमा करून पत्र पाठवावे. उशीर केलात तर आपण राग धरलात असे मी समजेन.

मोतीराम



देऊळघाट,
मार्गशीर्ष पुनवेचा दुसरा दिवस

मोतीराम यास आशीर्वाद, तेही रीत म्हून.

तुले लाज कशी वाटली नाही रे? माझा पोरगा काय तुझ्या शाळेचं बाकडं आहे, की नको तो खिळा उपटला? जिनं घातली तिनं काढायची, एवढी सोपी गोष्ट. तुले मुलांना त्रैराशिक शिकवता येते, हे कळत नाही?

काल बिस्मिल्ला दारावर आली. हळद कधी धरता, विचारून राह्यली. लाखेच्या बांगड्या तिनं सुनेसाठी करून ठेवल्या आहेत. हिरव्या, त्यावर बारीक आरसे. पोरीचा हात लहान की मोठा, हेही विचारलं. मी काय सांगू? मिरच्या उलथवत बसले, तिच्याकडे पाहिलं नाही. तिचा दीर गुलाम रसूल तिले आधीच टोचते, की हे उकिरडे अन् नाकातल्या कड्या आपल्यात बसत नाहीत, तू कशाले पडते. बिस्मिल्ला त्याले म्हणते की, लेकरू रडत होतं, त्याले काही ठावं नव्हतं आपण कोणाचे. आता तुम्ही शिकलेले अन् तो गुलाम रसूल एकाच बाजूले बसा.

पावडरीचं म्हणशील तर, आशाबाईले म्हणा डबा झाकून ठेव. हे हनुवटी माझ्या मायनं मले मांडीवर दाबून धरून गोंदवली. मी इतकी ओरडले की बैल दावं तोडून पळाला. ते पुसायले मी काय पाटी आहे? मलकापूरले येईन ते याच तोंडानं येईन. अन् आधी पोरीचा हात पाहीन.

तुझी बहीण (अजून)
सोजरा



खामगाव,
ता. २ जानेवारी १९३७

ती. सौ. मायच्या पायी उकंड्याचा शि. सा. नमस्कार.

माय, मामांना बोलू नको. त्यांनी आळ आपल्यावर घेतला. कडी काढायला मीच त्यांच्या मागे लागलो होतो.

गावात कोणी कधी हसलं नाही. तिथं माझ्यासारखे अजून दोघं होते. इथं मी वर्गात शिरलो की मागच्या बाकावरून बायकी आवाजात कोणी तरी उखाणा घेतं. फळ्यावर एकदा नथ काढून ठेवली होती, मोती सुद्धा काढले होते. मी ती पुसली अन् गणित घातलं. मग साहेब तपासणीला आले. मुलांनी वाचून दाखवलं, कविता म्हटल्या, शेरा चांगला पडला. जाताना ते हेडमास्तरांना म्हणाले की या मास्तरचं नाक कायम करण्याआधी नीट करून घ्या. नोकरी कायम व्हायची आहे, माय. तिथं मला राग यायला पाहिजे होता. मला लाज वाटली. मामा टोपी घालून माझ्यासोबत सोनाराकडे आले.

पण भोक मी बुजू दिलं नाही. रोज निजताना कडुनिंबाची काडी घालतो. बिस्मिल्ला खालाला सांग की तिची कडी मी काढली असली तरी तिची जागा ठेवली आहे. नाही तर सांगू नको, मीच येऊन सांगतो.

मुलगी मी पाहिलेली नाही. तिच्या हाताच्या गोंदण-बिंदणाचा विषय तू काढू नको, एवढंच मागणं. भाकरीवर तुझा हात नाही म्हणून इथं चव नाही. तुझा राग ओसरला की पत्र घाल.

तुझा
उकंडा



खामगाव,
ता. १३ जानेवारी १९३७

ती. सौ. अक्कास नमस्कार वि. वि.

आपण मलकापुराहून परस्पर मोटारीने निघून गेलात, म्हणून लिहावे लागते. मागे काय झाले ते ऐका.

पावडर लावली नाहीत, ते मी गिळले. हिंमतरावांच्या पत्नी आपल्या हनुवटीकडे बघत राहिल्या, तेव्हा आपण त्यांना विचारलेत की काही सांडले आहे काय. तेही गिळले. पण मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली, आपण तिचे मनगट धरून उलटेसुलटे पाहिलेत, आणि कोऱ्या हाताचे पाणी आम्हांत चालत नाही असे चारचौघांत म्हणून तांब्या खाली ठेवलात! वधूपक्षाच्या ओट्यावर, अक्का!

आणि ती मुलगी. तिने तो तांब्या उचलला, सर्वांसमोर स्वतः घटाघटा प्याली, आणि रिकामा पालथा घालून आत गेली. असे मी जन्मात पाहिले नाही. उकंडरावास हसू आले, हे त्याहून वाईट.

हिंमतरावांनी काल निरोप पाठवला. त्यांच्या मुलीचा अपमान झाला, सोयरीक मोडली समजावी. ते आपल्याला जंगली म्हणत होते, तेव्हा चूक त्यांची होती. आता ती आपली आहे. उकंडराव जेवत नाही. मला म्हणाला की मामा, करीन तर हिच्याशीच, आणि मग भिंतीकडे तोंड करून निजला.

जे सुचेल ते करावे. मजजवळ युक्ती उरली नाही, लोभ मात्र उरला आहे.

मोतीराम



देऊळघाट,
माघ, बाजाराचा दिवस

चि. मोतीराम यास बहिणीचे भरून आशीर्वाद. उकंड्यालेही. आशाबाईचा खोकला कसा आहे?

पौषात सोयरिकीचं बोलत नाहीत म्हून महिनाभर तोंड शिवून बसले. ते तर तू मानणार नाहीस. खरं हे, की मले काही सुचत नव्हतं.

पौष सरला तशी बिस्मिल्लाकडे गेले. सारं सांगून टाकलं. कडी सोनारानं काढली, तुले हळदीले नको म्हणतात, अन् आता हळदच नाही. मले वाटलं रडेल. ते लाख तापवत होती, तसंच तापवत राह्यली. कडीचं ऐकून एवढंच विचारलं की त्याले दुखलं का. काडीचं सांगितलं तेव्हा हसली. मग पाण्याचं सांगितलं, अन् तिनं चिमटा खाली ठेवला.

तिनं आपले दोन्ही हात माझ्यापुढं धरले, कोपरापासून बोटांपर्यंत. बाई, नीट पाह्य म्हणे. आमच्यात गोंदत नाहीत, हे तुले आज दिसलं का? कोरे हात माझेही. तुझ्या पोराले पहिलं पाणी याच हातानं चाटवलं, तेव्हा तू दारात उभी राहून माझ्या पाया पडत होतीस. तवा हे पाणी चाललं, कारण तुले लेकरू जगवायचं होतं. आता लेकरू जगलं, तर पोरीचं पाणी चालत नाही? अन् वरून मले म्हणे, आता घरी जा, माझी लाख जळते.

मी घरी आले. मोतीराम, ते बाईचे हात मी रोज पाहते. त्याच हातांनी ते माझ्या मनगटात बांगड्या चढवते. ते कोरे आहेत, हे मले कधी दिसलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मोटारीत बसले अन् मलकापूर. तुझ्या भाऊजींना वाटलं मी मिरच्यांचा भाव पाहायले गेले. हिंमतराव ओट्यावर होते, मले पाहून पेपर तोंडाशी धरला. मी खालच्याच पायरीवर बसले अन् म्हटलं, तहान लागली, पाणी सांगा. आतून कोणी हाललं नाही. मग पोरगी आली तांब्या घेऊन. दुरून धरला, अन् म्हणते कशी, की पिणार असाल तर देते, नाही तर मलेच तहान लागली आहे. मोतीराम, मी हात पुढं केला. सारा तांब्या प्याले. थंडीचे दिवस, दात कडकडले, पण एक घोट ठेवला नाही.

पेपर खाली आला. मी म्हटलं, हिंमतराव, चूक माझी झाली. पोरीच्या हाताले मी सुई लावणार नाही, तिले हौस आली तर ते जाणे. पण आता माझंही ऐका. नाव उकंडाच राहील. तोंडाले पावडर मी लावणार नाही, फोटोत काळं आलं तर येऊ द्या. कडी तो कायमची काढील, पण बिस्मिल्लाच्या हातून, हळदीले, भर मांडवात.

नाव, तोंड, सारं मुकाट ऐकलं. बिस्मिल्लापाशी अडले. म्हणतात की आमचे पाहुणे कचेरीतले, त्यांच्यापुढं मनियारनीनं नवऱ्या मुलाचं नाक धरायचं, हे कसं दिसेल. तवा पोरगीच बोलली दाराआडून. म्हणे, बाबा, त्यांच्या हातच्या बांगड्या मी घालणार आहे, माप पाठवायचं आहे, दोरा द्या. बापानं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, अन् आत दोरा आणायले सांगितलं. दोरा मी पदराच्या गाठीले बांधून आणला अन् थेट बिस्मिल्लाच्या हातात दिला. हात लहान आहे. दोन बांगड्या तिले पुन्हा कराव्या लागतील. तीच तक्रार करून राह्यली, अन् तोंडावर हसू.

फागुनातली तारीख धरली आहे. येताना डबी विसरशील तर घरात घेणार नाही. उकंड्यानं वेशीपासून कडी घालून यायचं. साहेबाले दिसत नाही इथं. नाकाले काडीची सवय आहे, तेवढं सोसेल.

हो, मलकापूरहून निघताना हिंमतरावांनी परत थांबवलं होतं. हळू आवाजात विचारलं की पाहुण्यांनी पुसलं, कडी काढणारी हे बाई मुलाची कोण, तर काय सांगायचं. मी म्हटलं, सांगा की पोराची माय. मग त्यांनी विचारलं, की तुम्ही कोण म्हून सांगू? म्हटलं, सांगा की ते हिरव्या हनुवटीची गिऱ्हाईक आहे, मडकंभर जवारीत तिनं पोरगा इकत घेतला.

तुमची दोघांची वाट पाहते. माया आहेच, ते लिहून काय वाढणार?

सोजरा