फोल्कमारची बरणी एकहार्डला

मी, श्रीमती अनेलोर झाइडेल, वय वर्षे एक्क्याऐंशी, धंदा खाणावळ, राहणार मिलवॉकी, आज हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. कोणी दडपण आणलेले नाही. आणायला घरात कोणी उरलेलेही नाही. पतीच्या हयातीत आम्ही दोघांनी मिळून केलेले मृत्युपत्र मी रद्द करते.

१. राहते घर, खाणावळीची इमारत आणि बँकेतली शिल्लक मुलगी गुडरून हिला. ती दातांची डॉक्टर आहे, टूसॉनला असते आणि फोनवर दर वेळी म्हणते, "आई, विकून टाक ते सगळं आणि ये इकडे उन्हात." आता तिनेच विकावे. खाणावळ नावासकट कोणाला चालवायला देऊ नये. पाटी उतरवावी. पुष्कळ झाले.

२. सुऱ्या, पातेली आणि हंस भाजायचे ट्रे लुपिता ओर्दास हिला. ती माझ्याशी रोज भांडली आणि रोज कामाला आली.

३. ज्या दगडी बरणीत माझे पती फोल्कमार मांस सिरक्यात मुरवत, ती धाकटे दीर एकहार्ड यांना. याचे कारण लिहिणे भाग आहे, कारण आधीच्या मृत्युपत्रात "एकहार्डला एक चमचाही मिळू नये" हे वाक्य फोल्कमारने हट्टाने घालून घेतले होते.

जर्मन जेवणाची ही खाणावळ दोघा भावांनी मिळून काढली. एकहार्डला अकॉर्डियन हवा होता, वाढणाऱ्या पोरींच्या अंगावर झालरीचे झगे हवे होते, गिऱ्हाइकांनी बाकांवर उभे राहून गावे असे वाटे. फोल्कमार म्हणाला, "आपण जेवण वाढतो, तमाशा नाही." एकहार्डने नदीपलीकडे मोठा हॉल काढला. तिथे बसगाड्या भरून लोक येऊ लागले. आमच्याकडे म्हातारी माणसे येत आणि हळू जेवत. भाऊ पुन्हा बोलले नाहीत.

फोल्कमारच्या मातीला एकहार्ड चामड्याची अर्धी चड्डी आणि पिसाची टोपी घालून आला. मी चर्चच्या दारातच त्याला अडवले.

"वहिनी, हॉलमधून तसाच धावत आलोय. कपडे बदलत बसलो असतो तर दादाची माती चुकली असती."

"मग चुकू द्यायची होतीस," मी म्हणाले. तो परत गेला.

मागच्या नाताळात ऐन जेवणाच्या दिवशी आमची भट्टी बंद पडली. हंस कच्चे, लोक यायला निघालेले. मला रडायचेही त्राण नव्हते. लुपिताने मला न विचारता एकहार्डला फोन केला. तो स्वतः गाडी घेऊन आला.

"वहिनी, रागवायचं नंतर. आधी हंस उचला."

त्याच्या हॉलमध्ये आमची म्हातारी मंडळी बसली. वादकाने अकॉर्डियन उघडला, तेव्हा एकहार्ड ओरडला, "ठेव ते खाली! आज दादाची माणसं जेवतायत." नंतर त्याने स्वतः शिजवलेला लाल कोबी बशीत घालून माझ्यापुढे धरला.

"जमलाय का दादासारखा?"

मी चाखला. लवंग जास्त होती. "फोल्कमारने पुन्हा मागून घेतला असता," मी म्हणाले. तो भिंतीकडे तोंड करून बराच वेळ उभा राहिला.

४. दफनभूमीत फोल्कमारच्या शेजारी आमच्या मालकीच्या दोन जागा आहेत. लगतची माझी. तिच्यापलीकडची मी विकायला काढली होती. ती आता एकहार्डची. म्हणजे एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला दीर. दोघे भांडू लागले तर मला उठवू नये. मी फार दमले आहे.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, तो मला मान्य आहे. एकहार्डला यात वाटा असल्यामुळे त्याला साक्षीदार केलेले नाही. तो बाहेर गाडीत बसला आहे. मला घरी तोच सोडणार आहे.

सही: अनेलोर झाइडेल

साक्षीदार:
१. पास्टर लोथार ग्रेव्हे
२. श्रीमती डोरीन कुबियाक, शेजारीण

मिलवॉकी, ११ मार्च २०२४