न दिसणारा कान

ओकाया
२ फेब्रुवारी १९९८

चि. मित्सुयो हिला ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तळं यंदा या काठापासून त्या काठापर्यंत गोठलं आहे. तुमच्या निइगाताला बर्फ किती? तुझे गुडघे कसे आहेत? पाकिटावर माझं नाव बघून तू पत्र शेगडीत घातलं नसशील, असं धरून लिहिते. दादा गेल्यापासून हात्सुएवहिनी माझ्याकडेच असतात. तोंड पूर्वीइतकंच चालतं.

आधी थोडा मोठेपणा मिरवू दे. कारखान्यात मी भिंगाखाली केसाहून बारीक तार गुंडाळायचे, आठवतं ना? सुरुवातीला त्या गुंडाळ्या बोटाच्या पेराएवढ्या असत. मी निवृत्त झाले तेव्हा तांदळाच्या कणीएवढ्या. एखादी खाली पडली की आम्ही साऱ्याजणी मोजे काढून अनवाणी फिरायचो, कारण डोळ्यांना नाही तरी तळपायाला ती सापडायची. तसली एक कणी आता माझ्या उजव्या कानात बसली आहे! आमच्याच कारखान्यातला ओगुची कानाचा साचा घेऊन गेला आणि शेंगदाण्याएवढं ऐकण्याचं यंत्र घेऊन आला. म्हणाला, "आजी, आरशात बघितलंत तरी दिसायचं नाही." खरंच दिसत नाही.

कान कशाला हवा होता, असं तू विचारशील. कारखान्याआधीच्या रेशमाच्या गिरणीने माझे कान तिशीच्या आतच नेले, मित्सुयो. मी कुणाला सांगितलं नाही. मान डोलवत "हो, हो" म्हटलं की आपल्याकडे सगळं निभावतं. डॉक्टरांनी तेव्हा यंत्र दिलं होतं. सिगारेटच्या पाकिटाएवढा डबा छातीवर लटकवायचा आणि कानापर्यंत वायर. म्हणजे गावभर दवंडीच की! मी तो कपाटात टाकला आणि "हो, हो" करत राहिले.

तर नवीन वर्षाच्या तिसऱ्या दिवशी वहिनी आणि शेजारच्या बाई शेगडीपाशी संत्री सोलत होत्या. मी समोरच. नवा कान कुणाला दिसला नव्हता, मीही सांगितला नव्हता.

"वन्संना काय कळतंय! ढोल बडवा कानाशी, ढिम्म." वहिनी म्हणाल्या.

मी चेहरा तसाच ठेवला. मग त्यांनी बाबांच्या अंत्यविधीच्या दिवसाची गोष्ट काढली. "धाकटी नवऱ्याचं घर सोडून, पोरीला घेऊन आली होती. दारात विचारलंन, 'ताई, मी आता या घरी यायचं नाही, असंच ना?' आणि ह्या बाईसाहेब हसून म्हणतात, 'हो, हो!' तिने तिथल्या तिथे पोरीला बूट घातले."

मला वाटलं होतं, तू "येते हं" म्हणालीस. मी तर हातही हलवला होता, मित्सुयो. आणि तू पत्र पाठवत नाहीस म्हणून वीस वर्षं तुलाच घमेंडखोर म्हणत आले.

मी म्हटलं, "वहिनी, चहा टाका. ढोल नको, हळू बोललात तरी ऐकू येतं."

त्यांच्या हातातलं संत्रं थेट निखाऱ्यात. शेजारच्या बाई तर चपला उलट्या घालून पळाल्या.

"तेव्हाच का नाही बोललात?" मी विचारलं.

"बहिरेपण तुम्हीच कबूल करत नव्हता," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या. "आम्ही कुठल्या तोंडानं म्हणायचं?"

महिनाभर हे पत्र लिहून फाडते आहे. चूक माझी आहे. मला लाज वाटते.

आज पहाटे तळ्यावरचा बर्फ दुभंगला. लहानपणी आपण पांघरुणात एकमेकींना घट्ट धरून ऐकायचो ना, तीच ती गर्जना. इतक्या वर्षांनी मी ती ऐकली! अंगणात जाऊन असं ओरडले की आळी गोळा झाली. काय झालं म्हणून विचारणाऱ्या प्रत्येकाला मी सांगितलं, मी बहिरी आहे आणि मला ऐकू आलं.

मागच्या खोलीत दोन गाद्या ऊन दाखवून ठेवल्या आहेत, तुझी आणि लेकीची. शनिवारी फोन कर. मी स्वतः उचलीन. दारात विचारलेला तोच प्रश्न पुन्हा विचार, शब्दाला शब्द.

उत्तर आहे: नाही. नाही, नाही, नाही.

तुझी बहिरी ताई,
किनुए